रस्त्यावरचा माणूस आणि कॅमेऱ्याचा डोळा



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि ग्रंथ जे काम करतो, तेच काम गेल्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ आणखी एक साधन करीत आले आहे. ते म्हणजे छायाचित्र. डोळ्यांसमोर असूनही जे दिसत नाही ते दाखविणे, हे त्या दोहोंचे समान कार्य होय. रस्त्यावर राहणारा, पदपथावर निजणारा, हात पसरणारा माणूस ही अशी सर्वांसमोर असून कोणालाच न दिसणारी गोष्ट आहे. कॅमेऱ्याने त्याच्याकडे कसे पाहिले, आणि त्याच्याकडे न पाहणाऱ्या गर्दीकडे कसे पाहिले, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभ एका जुन्या चित्रापासून करणे उचित ठरेल. १८३८ साली लुई दागेर या फ्रेंच कलावंताने पॅरिसमधील ‘बुलव्हार द्यु तांप्ल’ या रस्त्याचे छायाचित्र एका उंच खिडकीतून घेतले. रस्ता वर्दळीचा होता. घोडागाड्या होत्या, पादचारी होते. परंतु त्या काळच्या रासायनिक पट्टीवर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत. जे चालत होते, ते तेवढ्या वेळात पट्टीवर टिकलेच नाहीत. संपूर्ण रस्ता ओस दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस उभा आहे आणि त्याच्या पायाशी कोणी तरी वाकलेले आहे. तो जोड्यांना पॉलिश करवून घेणारा गृहस्थ आणि ते करणारा रस्त्यावरचा श्रमिक होय. छायाचित्रात मनुष्याकृती उमटल्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते. ज्यांना घाई होती ते सारे पुसले गेले आणि दोघेच उरले : एक थांबलेला, आणि दुसरा रस्ता हेच ज्याचे कामाचे ठिकाण, असा.

पुढे काच, रसायने आणि भिंगे सुधारली. क्षणाच्या शतांश भागात चित्र घेता येऊ लागले. तरीही दागेरच्या त्या योगायोगाचा उपयोग छायाचित्रकारांनी पुढे जाणूनबुजून केला. पदपथावर झोपलेला माणूस आणि त्याच्या बाजूने जाणारी गर्दी, हे चित्र मुंबई, कोलकाता, न्यू यॉर्क अशा कोणत्याही महानगराच्या छायाचित्रसंग्रहात हमखास आढळते. कॅमेऱ्याचे दार जरा अधिक वेळ, म्हणजे सेकंदाचा आठवा किंवा पंधरावा भाग, उघडे ठेवले की चालणारे पाय धूसर होतात, आणि निजलेला माणूस मात्र स्वच्छ, रेखीव उमटतो. चित्रकाराला वेगळे भाष्य करावे लागत नाही. जे प्रतिष्ठित, ते वाफेसारखे विरळ. जो उपेक्षित, तोच तेवढा खरा. समाजाच्या नजरेत असलेला क्रम यंत्र उलटा करून दाखविते.

हे चित्र प्रभावी खरे; परंतु त्याची परीक्षा झाली पाहिजे. त्यासाठी या चित्रपरंपरेचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

१८७७ साली जॉन थॉमसन याने लंडनच्या रस्त्यांवरील जीवनाची चित्रमाला प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तीत एका पायरीवर बसलेली निराधार स्त्री आहे. तिच्या कुशीत मूल आहे, पण ते तिचे नव्हे, कामाला गेलेल्या दुसऱ्या स्त्रीचे आहे. हे केवळ चित्र पाहून कळत नाही. सोबतच्या मजकुरामुळे कळते, आणि कळताच चित्राचा अर्थ पालटतो. जी केवळ दयेचा विषय वाटत होती, ती स्वतःच कोणाला तरी आधार देत होती.

त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला होता. मद्रास इलाख्यातील लष्करी अधिकारी विलोबी हूपर याने उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या माणसांचे गट बसवून छायाचित्रे घेतली. ती सर्वत्र पोहोचली. पण या माणसांना चित्र घेतल्यानंतर अन्न दिले काय, हा प्रश्न त्या काळीच विचारला गेला आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. दोन चित्रकार, एकच दशक. एकाच्या चित्रासोबत त्या माणसाची हकिकत होती. दुसऱ्याच्या चित्रात माणूस केवळ दुष्काळाचा नमुना झाला होता.

न्यू यॉर्कमध्ये जेकब रीस या वार्ताहराने मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगीत उजेड पाडून अंधाऱ्या खोल्यांत निजलेल्या निर्धनांची चित्रे घेतली. १८९० साली त्याचा ग्रंथ निघाला आणि घरबांधणीच्या सुधारणांना त्याने चालना दिली. १९१६ साली पॉल स्ट्रँड याने त्याच शहरातील एका अंध विक्रेतीचे चित्र घेतले. तिच्या गळ्यात ‘अंध’ असे लिहिलेली पाटी होती आणि वर परवान्याचा बिल्ला होता. स्ट्रँडने कॅमेऱ्यास बाजूला एक खोटे भिंग लावले होते. ते दुसरीकडे रोखलेले दिसे, आणि खरे भिंग समोरच्याला टिपत असे. ते चित्र कलेच्या इतिहासात अमर झाले. पण त्यातील प्रश्नही अमर आहे. जी पाहू शकत नाही, तिला ती पाहिली जात आहे हे कळणार कसे? निजलेल्या माणसाचे चित्र घेणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू पडतो. झोपेत संमती देता येत नाही.

भारतीय छायाचित्रणात या प्रश्नाला सर्वांत समर्पक उत्तर देण्याचा प्रयत्न १९४३ साली झाला. बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. खेड्यांतील कुटुंबे कलकत्त्याच्या पदपथांवर येऊन मरत होती आणि शहराचे व्यवहार चालूच होते. सुनील जाना हा तरुण छायाचित्रकार आणि चित्तप्रसाद हा चित्रकार दुष्काळी भागांत हिंडले. त्यांचे काम मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साम्यवादी पक्षाच्या साप्ताहिकात छापून आले. चित्तप्रसादची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका सरकारने जप्त करून नष्ट केली. सत्तेला चित्राचे भय का वाटावे? भुकेने मेलेला माणूस तिला अडचणीचा नव्हता. त्याच्या शेजारून चालत गेलेल्यांमध्ये ती स्वतः होती, हे चित्राने सिद्ध केले होते, हीच अडचण होती.

मराठी मुलखात हा विषय मुख्यतः मुंबईच्या रस्त्यावर उभा राहिला, आणि कॅमेऱ्याबरोबरच लेखणीनेही तो हाताळला. पेडण्याच्या शेजारी, तेरेखोल नदीपलीकडे, आरवली हे जयवंत दळवींचे गाव. कोकणातील या लेखकाने १९६३ साली ‘चक्र’ ही कादंबरी लिहून मुंबईच्या झोपडवस्तीतील जीवन मराठी वाचकापुढे ठेवले. १९८१ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. आणि नारायण सुर्वे यांचे तर अवघे आयुष्यच या विषयाचे भाष्य होय. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. त्याला आपले नाव दिले, शाळेत घातले. पुढे त्याच मुलाने पदपथावरही दिवस काढले, हमाली केली, शिपायाचे काम केले, शिक्षकी केली, आणि १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह मराठीला दिला. त्या दिवशी त्या रस्त्यावरून कितीजण गेले असतील याची नोंद नाही. थांबलेल्या एकाची मात्र आहे. दागेरच्या चित्रातल्याप्रमाणे इतिहासात तोच उमटला.

मुंबईच्या पदपथांचा प्रश्न न्यायालयातही गेला. १९८१ साली ऐन पावसाळ्यात महाराष्ट्र शासनाने पदपथवासीयांना हटवून शहराबाहेर पाठविण्याचे ठरविले. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित केले. मात्र पदपथावर कायमचे राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत कोणास हटवू नये, एवढा दिलासा दिला. माणूस पदपथावर का येतो, याचे उत्तर त्या निकालपत्रात स्पष्ट आहे : काम जेथे मिळते तेथून जवळ राहावे लागते म्हणून. आळसाने कोणी दगडावर निजत नाही.

भिक्षेविषयीचा कायदा मात्र वेगळ्या दृष्टीने लिहिला गेला. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भिकारी कोणाला म्हणावे याची जी व्याख्या आहे, तीत दान मागणारा तर येतोच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा किरकोळ वस्तू विकणे या मिषाने मागणाराही येतो. ज्याच्या उपजीविकेचे साधन ‘दिसत नाही’ आणि जो सार्वजनिक जागी भटकतो, तोही येतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची आणि पुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंतची तरतूद तीत आहे. गोव्यातही १९७२ साली असा कायदा झाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्यातील भिक्षेला गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, आणि २०२१ साली रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली असता, दारिद्र्यापोटी माणूस मागतो हे ध्यानात घेऊन न्यायालयाने ती मान्य केली नाही.

या व्याख्येत मराठी संस्कृतीतील किती माणसे सापडतील, याचा विचार करण्यासारखा आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, कुडमुडे वाजविणारा जोशी, पिंगळा, गोंधळी, पोतराज, या सर्वांना गावाच्या जीवनात स्थान होते. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्या विद्वानांची परंपरा तर दीर्घ आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास रचला. त्यांच्या मते भिक्षा हे लोकांत मिसळण्याचे, समाजाची परीक्षा घेण्याचे साधन होते. मागणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत होते. मागणाऱ्याला नाव होते, वाट होती, वेळ होती.

परंतु या स्मृतीला फार गोंजारणे योग्य नव्हे. त्याच गावात महारवाड्यातील माणसाला कामाच्या मोबदल्यात घरोघर भाकर मागत फिरावे लागे. ती मागण्याची पाळी हा त्याचा हक्क म्हटला जाई, आणि तोच त्याचा अपमान होता. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना उष्ट्या तुकड्यांचा त्याग करण्यास सांगितले, ते याचसाठी. तेव्हा गावाला मागणारा दिसत होता हे खरे. पण तो कोठे उभा राहील, हे गावाने ठरविलेले होते. शहराची उपेक्षा निराळी आहे. तेथे मागणाऱ्याला ठरलेली जागाही नाही आणि नावही नाही. एका व्यवस्थेचे गुणगान करून दुसरीचा दोष धुतला जात नाही.

या कोंडीतून वाट काढणारा एक माणूस महाराष्ट्राने पाहिला. संत गाडगेबाबा हातात मडक्याचे खापर घेऊन हिंडत. पण गावात शिरताच ते खराटा हाती घेत आणि झाडलोट केल्यावरच भाकर मागत. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. लोकांनी त्यांना जे दिले ते त्यांनी निवाऱ्यात रूपांतरित केले. स्वतः मात्र ते शेवटपर्यंत बेघरच राहिले. १९५६ साली त्यांचे निधन झाले ते प्रवासात, वाटेवर. आजही मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास दूरदूरच्या रुग्णांचे नातलग पदपथावर दिवस काढताना दिसतात, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अनेकांना छप्पर दिले आहे. तेथील पदपथावरचा माणूस भिकारी नसतो. तो कोणाचा तरी बाप असतो आणि औषधाची चिठ्ठी त्याच्या खिशात असते. शेजारून जाणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि मुक्या छायाचित्रालाही नसते.

माणसे थांबत का नाहीत? निष्ठुर असतात म्हणून, असे उत्तर सोपे आहे. १९७३ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत व्याख्यान देण्यासाठी पाठविण्यात आले. काहींचा विषय तर वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधील कथा हाच होता. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी शंभरांत दहाच थांबले. ज्यांना पुरेसा वेळ होता, त्यांच्यापैकी त्रेसष्ट थांबले. व्याख्यानाचा विषय कोणता होता, याचा निर्णायक परिणाम दिसला नाही. घाईचा झाला. सद्विचार डोक्यात असणे आणि पाय थांबणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रस्त्यावरच्या छायाचित्रातील धूसर पावले दुष्टांची असतीलच असे नाही. ती घाईची असतात. आणि आधुनिक नगराने प्रत्येकाला घाई दिली आहे.

भयही एक कारण आहे. बाबा आमटे हे वरोडा येथे नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भर पावसात त्यांना कुष्ठरोगाच्या अखेरच्या अवस्थेतील तुळशीराम नावाचा माणूस रस्त्याकडेला पडलेला दिसला. ते घाबरून घरी पळाले. त्या पळण्याची शरम त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली, आणि त्या परत जाण्यातून पुढे आनंदवन उभे राहिले. या हकिकतीतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाबांनी आपले पळणे कधी लपविले नाही. उपेक्षा हा पहिला क्षण असू शकतो. तो अखेरचाच असावा, अशी सक्ती नाही.

मग छायाचित्रकार कोठे उभा आहे? तो थांबलेला आहे खरा, पण कशासाठी? १९९३ साली सुदानमधील दुष्काळात केव्हिन कार्टर याने एका उपाशी बालकाचे आणि मागे बसलेल्या गिधाडाचे चित्र घेतले. जगभर एकच प्रश्न विचारला गेला : त्या मुलाचे पुढे काय झाले, आणि चित्रकाराने काय केले? १९९४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्यावर दगड उचलणे सोपे आहे. तथापि चित्र पाहून वृत्तपत्र मिटणारे लक्षावधी वाचकही त्याच रस्त्याने चालत गेले होते. चित्रातील गर्दीवर बोट ठेवणाऱ्या प्रेक्षकाने आपणही चित्राच्या कडेने चाललो आहोत, हे ओळखले पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही मराठी माणसाजवळ आहे. सुधारक ओलवे या छायाचित्रकाराने मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन एका फेरीत टिपून सोडून दिले नाही. वर्षानुवर्षे तो त्यांच्यात गेला, त्यांच्या गटारांच्या कडेला आणि त्यांच्या घरांत बसला. २०१६ साली त्याला पद्मश्री मिळाली. त्याच्या चित्रांतील माणूस समोरून पाहतो. तो पाहिला जात आहे हे त्याला ठाऊक आहे. चोरून घेतलेल्या चित्रात आणि परिचयाने घेतलेल्या चित्रात जो फरक असतो, तो तंत्राचा नसतो, संबंधाचा असतो.

आता गोमंतकाकडे वळू. येथे घर असणे आणि जमीन असणे या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगळ्या होत्या. भाटकाराच्या भाटात मुंडकार घर बांधून राहत असे. भिंती त्याच्या, पायाखालची जमीन मात्र दुसऱ्याची. मर्जी फिरली तर घरही जाई. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला आधार दिला. म्हणजे बेघरपण हे महानगराचेच दुखणे आहे असे नाही. ते छपराखाली राहणाऱ्याच्या उशाशीही असू शकते. देवळांच्या अग्रशाळांनी वाटसरूला आसरा दिला, हेही या भूमीचेच वैशिष्ट्य. परंतु गोव्याचे जे चित्र जगभर जाते, त्यात समुद्र असतो, माड असतात, देवळांच्या दीपमाळा आणि चर्चचे शुभ्र दर्शनी भाग असतात. खाणी, बांधकामे आणि हॉटेले ज्यांच्या श्रमावर चालली, ते परप्रांतीय मजूर रात्री कोठे निजले, हे त्या चित्राच्या चौकटीत बसत नाही. चौकट ठरविणे हीसुद्धा पाहण्याची आणि न पाहण्याची एक रीत आहे.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. ती संख्या सतरा लाख सत्तर हजारांवर भरली. एका रात्रीत घेतलेले ते जणू राष्ट्राचे छायाचित्रच होते. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा दागेरचे ते चित्र प्रत्यक्षात अवतरले. रस्त्यांवरून सारे चालणारे नाहीसे झाले. उरले ते ज्यांना जाण्यासाठी घरच नव्हते. त्यांच्याबरोबर आणखी एक गर्दी चालू लागली, शेकडो मैल दूरच्या घराकडे. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेच्या रुळांवर निजलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या भाकऱ्यांचे आणि वहाणांचे चित्र दुसऱ्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्यात माणूस नाही, चेहरा नाही, कोणाची संमती मागण्याजोगेही कोणी उरलेले नाही. शिदोरी तेवढी आहे.

यातून ग्रंथालयासारख्या संस्थेने काय घ्यावे? थॉमसनच्या त्या पायरीवरच्या स्त्रीने एक गोष्ट शिकविली आहे : मजकुराविना चित्र अपुरे राहते. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पंचक्रोशीतील वाचकांसाठी शब्द जपले, त्याने आपल्या परिसराची छायाचित्रेही जपावीत, आणि प्रत्येक चित्राखाली स्थळ, वर्ष, आणि चित्रातील माणसाने अनुमती दिल्यास त्याचे नाव व त्याने स्वतः सांगितलेली हकिकत नोंदवावी. बार्जवरचा खलाशी, रस्त्याच्या कामावरचा मजूर, जत्रेच्या वाटेवर बसणारा मागता, या सर्वांची. चित्रानंतर त्याचे काय झाले, हेही शक्य तेव्हा लिहावे. हा खर्च थोडा आहे, परंतु त्यासाठी कोणाला तरी थांबावे लागेल, बसावे लागेल, विचारावे लागेल. दानपेटीत नाणे टाकण्यापेक्षा हे कठीण आहे.

या गावात श्री वेताळाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. वेताळ रात्री सीमेवर फिरून गावाची राखण करतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहाव्यात, अशी गोव्यात आणि कोकणात श्रद्धा आहे. तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या परीने घ्यावा. पण जेथील लोकांनी रात्री पायी हिंडून प्रत्येक उंबरठ्याबाहेर पाहणारा देव कल्पिला, तेथे उंबरठ्याबाहेर निजलेल्या माणसाकडे पाहणे परके ठरू नये. या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात त्या पाहण्याची नोंद येथील कपाटांत व्हावी.